दाखवायची माती

आमच्या प्रियदर्शनी वहिनीला गावात 'भूगोल' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागं. "भूगोल चालला कॉलेजला," असं पारावर बसलेली रिकामटेकडी माणसं म्हणतात आणि एकमेकांच्या हातावर टाळ्या देतात. हे ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकाला जाते. मी ब्राह्मी, तिची नणंद. नणंद असून मी भावजयीची बाजू घेते याचंही गावाला नवल वाटतं. गाव कृष्णाकाठचं आहे, सांगलीपासून लांब नाही, एवढंच सांगते. नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते अर्ध्या नदीकाठाला लागू पडतं.

वहिनी आटपाडीची. तिच्या वडिलांचं तिथं किराणा दुकान. लहानपणी टँकर आला की शाळा अर्धी टाकून घागर घेऊन पळायचं, आंघोळीचं पाणी शेवग्याच्या बुडात जायचं, असल्या घरात ती वाढली. माझ्या पारसदादाशी लग्न होऊन आमच्याकडं आली, तेव्हा नव्या नवरीला रान दाखवायला आई तिला नदीकाठच्या रानात घेऊन गेली. उसात पाणी सोडलेलं होतं. सऱ्या तुडुंब भरून पाणी बांधावरून रस्त्यावर आलेलं आणि मोटर चालूच. वहिनीनं विचारलं, एवढं पाणी कशाला? आई हसली. नदी आपली, मोटर आपली, मग विचारायचं कुणाला, असं म्हणाली. त्या दिवसापासून ते पाणी वहिनीच्या डोक्यातून गेलं नाही.

लग्नामुळं तिचं बी.ए. शेवटच्या वर्षात सुटलं होतं. उत्कर्षा, माझी भाची, शाळेत जायला लागली तशी वहिनीनं पुन्हा फॉर्म भरला. बी.ए. झालं, एम.ए.ला भूगोल घेतला. झालं, गावाला विषय मिळाला. सुनेनं डी.एड. केलं असतं, शिवणकाम केलं असतं तर कुणी चकार शब्द काढला नसता. भूगोल कशाला? आमची मनुआत्या तर घरी येऊन म्हणाली, ज्वालामुखी शिकून काय चूल लवकर पेटणार आहे का? वहिनीनं तिला चहा दिला. मी असते तर चहा दिला नसता.

एक मात्र कबूल करायला हवं. माझे वडील, धनपाल अण्णा, यांनी तिला कधी अडवलं नाही. उलट बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले की चारचौघांत सांगायचे, आमची सून एम.ए. करतीया. सांगलीच्या बाजारातून जगाचा नकाशाही त्यांनीच आणून दिला. तो वहिनीनं स्वयंपाकघराच्या दाराच्या मागं लावला. भाकरी थापता थापता ती समुद्राचे प्रवाह पाठ करायची आणि उत्कर्षा ते तिच्यामागून म्हणायची.

एके दिवशी ती इराकबद्दल वाचत होती. मी नुकतीच पतसंस्थेतल्या कामावरून आले होते. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून आईची घाई चाललेली. वहिनी मला म्हणाली, ऐक जरा. तिथं दोन मोठ्या नद्या. हजारो वर्षांपूर्वी लोकांनी कालवे काढले, रानं भिजवली, गहू बक्कळ पिकायचा. पाणी देत राहिले, पण जादाचं पाणी निघून जायला वाट ठेवली नाही. जमिनीखालचं पाणी वर वर येत गेलं. ऊन ते पाणी ओढून घ्यायचं आणि पाण्यातलं मीठ वर राहायचं. मग गहू येईना, मीठ सोसणारा सातू लावला. पुढं सातूपण येईना.

तिनं पुस्तक मिटलं. "ब्राह्मी, हे आपलं खालचं रान हाय की गं," असं म्हणाली.

खालचं रान म्हणजे तेच, आईनं तिला दाखवलेलं नदीकडचं रान. आजोबांच्या वेळी तिथला ऊस बघायला लोक यायचे म्हणे. आता हिवाळा सरला की तिथं पांढरं फुटतं. पीठ सांडल्यासारखी मिठाची साय धरते, ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो. याला क्षारपड म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण आमच्या गावात तो शब्द कुणी उच्चारत नाही. 'रान जरा थंड पडलंय' म्हणायचं. घरात वेडसर माणूस असला की 'जरा हळवा हाय' म्हणतात ना, तसं. कारण रान बिघडलंय हे बाहेर कळलं की पोरांना मुली मिळत नाहीत आणि पोरींना स्थळं येत नाहीत. आमच्यात सोयरीक जमवताना पहिला प्रश्न हाच, रान कसं हाय? मुलगी काय शिकली, मुलगा काय करतो, हे मागनं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच सगळ्यांना कळतं. मुठीत मीठ धरलंय आणि ते हाताला खातंय, हे कुणी बघायचं?

अशात निचऱ्याची योजना आली. जमिनीत खोलवर भोकांचे पाइप पुरायचे, खारं पाणी त्यातून ओढ्याला काढायचं, चार-दोन पावसाळ्यांत जमीन सुधारते. कुठल्या गावांना ही योजना द्यायची ते ठरवायला मातीची तपासणी होणार होती. ते काम एका खाजगी संस्थेनं घेतलं होतं. खराब माती निघाली तर गाव यादीत, नाहीतर नाही. इतकं सरळ होतं. वहिनीला तर आनंदानं काय करू नि काय नको झालं. तिनं एम.ए.च्या प्रकल्पाला हाच विषय घेतला, आमच्या गावची क्षारपड जमीन. खालचं रान वाचायचं असेल तर ही एकच संधी आहे, पाच-सहा वर्षांत तिथं लव्हाळासुद्धा उगवणार नाही, हे तिनं आम्हा सगळ्यांना, अण्णांनासुद्धा, जेवताना समजावून सांगितलं. अण्णा मान हलवत होते.

आता त्या संस्थेच्या माणसांची तऱ्हा ऐका. ही माणसं माती तपासायला आली आणि रानात गेलीच नाहीत. पायात चकचकीत बूट, ग्रामपंचायतीत पंख्याखाली खुर्च्या टाकून बसली आणि स्पीकरवरून पुकारा केला की ज्यानं त्यानं आपापल्या रानातली माती पिशवीत आणून द्यावी. वा रे तपासणी! डॉक्टरनं दवाखान्यात बसून सांगावं की घरून ताप मोजून या. वहिनीनं त्यांना जाऊन विचारलं, तुम्ही स्वतः का येत नाही? तर म्हणे, ताई, आम्हाला अजून बरीच गावं करायची आहेत.

तरी वहिनी खचली नाही. बचत गटातल्या बायांना तिनं घरी बोलावलं, माती कशी घ्यायची ते अंगणात खड्डा काढून दाखवलं. वरची पापुद्र्याची नुसती खरवडायची नाही, व्हीसारखा खड्डा घ्यायचा, रानात आठ-दहा जागी घ्यायचा, सगळी एकत्र करून त्यातली थोडी पिशवीत भरायची. बाया हो हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खालच्या रानात गेलो. उन्हात पांढरं चमकत होतं. वहिनी खड्डे घेत होती, मी घमेलं धरून मागं मागं. पिशवी भरली, तिच्यावर अण्णांचं नाव, गट नंबर लिहिला आणि सोप्यात ठेवून दिली. सकाळी बस्तीत जाताना अण्णा ती पंचायतीत देणार होते.

निकाल आला. आमच्या खालच्या रानाची माती उत्तम. मिठाचा मागमूस नाही. आमचीच नाही, सगळ्या गावाची उत्तम! ज्यांच्या रानात जनावरसुद्धा तोंड घालत नाही त्यांचीही उत्तम. गावाला योजनेची गरज नाही, असं संस्थेनं कळवून टाकलं. ग्रामसभेपर्यंत हरकत घेता येईल अशी खाली एक ओळ होती, बस.

वहिनीचा चेहरा बघवत नव्हता. आपलंच काहीतरी चुकलं असं तिला वाटत होतं. घमेलं आधी धुतलं नव्हतं का, खड्डे उथळ पडले का, पिशवीची अदलाबदल झाली का, पुन्हा पुन्हा मलाच विचारायची. कॉलेजात तिच्या सरांनी तो निकाल बघितला आणि म्हणाले, मॅडम, तुमच्या गावात समस्याच नाही तर प्रकल्प कशावर करणार? विषय बदला, हिमनद्यांवर करा, साहित्य तयार मिळतं. सांगलीत बसून हिमनद्या! पायाखालची जमीन बघायची नाही आणि बर्फ कसा सरकतो ते लिहायचं, पास व्हायचं. पारावर तर दिवाळीच. भूगोल नापास झाला म्हणे.

आणि मग आई बोलून गेली. माझ्यासाठी एक स्थळ सांगून आलं होतं, नदीच्या वरच्या अंगाचं. मुलगा पुण्यात नोकरीला, घरची शेती नदीकाठची. ताटं वाढताना आई खुशीत म्हणाली, "बरं झालं बाई ह्यांनी माती बदलली. न्हाईतर कागदावर क्षारपड लागलं असतं नि हे स्थळ दारात तरी आलं असतं का?"

वहिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. अण्णांनी मान खाली घातली. मग त्यांच्याच तोंडून कळलं सगळं. त्या सकाळी अण्णांनी वहिनीची पिशवी गोठ्यामागं ओतून टाकली आणि विहिरीजवळच्या वरच्या रानातली काळीभोर माती तिच्यात भरली. पिशवीवर नाव तेच, नंबर तोच. पंचायतीत गेले तर तिथं सगळे त्यांच्यासारखेच. मिलिटरीतून रिटायर होऊन आलेले कृष्णातकाका, देशासाठी छातीवर गोळी झेलायला तयार असलेला माणूस, त्यांनी भावाच्या माळावरची माती आणलेली. बचत गटातल्या शालूबाईनं तर कहर केला, तुळशीवृंदावनातली माती दिली! वहिनीनं शिकवलेले ते खड्डे एकीनंही घेतले नव्हते. पाहुण्यांपुढं मुलीला नवी साडी नेसवून, पावडर लावून बसवतात ना, तशी अख्ख्या गावानं निवडून निवडून माती नेली आणि दाखवून आले. तपासणी म्हणजे पाहायचा कार्यक्रम, एवढंच त्यांना कळलेलं.

मी त्या दिवशी अण्णांना नाही नाही ते बोलले. पाणी गाळून पिणारा माणूस तुम्ही, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून वाट झाडत जाणारे, आणि खोटं बोलायला माझं लग्न पुढं केलंत? मला विचारलं होतं का? अण्णा एकच म्हणाले, पोरी, तुझ्यासाठीच केलं. हे 'तुझ्यासाठीच' ऐकलं की मला अजून चीड येते. आपली लाज झाकायची आणि पांघरुणावर नाव पोरीचं घालायचं.

वहिनी तरी बोलणार कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ. जेवण झाल्यावर तिनं दारामागचा नकाशा काढला, गुंडाळी केली आणि माळ्यावर टाकली. उत्कर्षानं विचारलं, मम्मी, समुद्र कुठं गेले? तेव्हा मला रडू फुटलं.

पाहुणे आले. मुलाचे वडील भरतेशकाका, मुलगा, त्याची आई आणि मध्यस्थ. आमच्यात कांदा नसतो, पण पोहे असतातच. मी पोहे दिले, नाव सांगितलं, काय शिकली ते सांगितलं. मुलगा बरा वाटला, खोटं कशाला बोलू. वहिनीला आईनं आधीच बजावलं होतं, मातीचा विषय काढायचा नाही. ती आत चहा गाळत होती. चहा झाला तसे भरतेशकाका म्हणाले, चला, रान बघून येऊ. अण्णा लगबगीनं उठले आणि वरच्या रानाच्या वाटेला लागले.

मी दारात उभी राहिले. "अण्णा, खालचं रान बी दाखवा की. माझ्यासाठी लपवलंय ते."

मध्यस्थ चपला घालता घालता थांबला. आईनं पदर तोंडाला लावला. मी कुणाची वाट न बघता पायात चपला घातल्या आणि खालच्या वाटेनं पुढं निघाले. पाहुणे आले मागून, दुसरं करणार काय?

खालच्या रानात उन्हं तिरपी पडली होती आणि सगळं पांढरं दिसत होतं. मध्ये मध्ये पिवळा खुरटा ऊस. भरतेशकाका खाली बसले. बोटानं ते पांढरं उचललं, जिभेला लावलं आणि थुंकले. मग अण्णांकडं न बघता म्हणाले, "आमच्याकडं बी आसंच हाय. आमी बी वरचीच माती दिली."

अण्णा बांधावर बसले. तेवढ्यात वहिनी आली, आमच्या मागून तीही निघाली होती. तिनं एवढंच विचारलं, "मग काका, तुमच्या गावाला पाइप मिळाले?"

"न्हाई. आमची माती पास झाली न्हवं," काका म्हणाले.

दोन गावं कागदावर हिरवीगार, आणि दोन्हीकडचे बाप बांधावर माना खाली घालून बसलेले. कुणी कुणाला फसवलं, सांगा बरं. वहिनी खाली वाकून ती माती ओंजळीत घेऊन बघत राहिली. तिचं चुकलं नव्हतं, हे तिला तेव्हा खरं पटलं असावं.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा निरोप आला, स्थळाचं जमणार नाही. कारण काय? जमीन नव्हे. जमिनीबद्दल कसं बोलणार, त्यांचीही तीच गत. म्हणे, मुलगी लय बोलती. ऐकलंत? खारट रान चालतं, खोटा बाप चालतो, खरं बोलणारी पोरगी चालत नाही. आईनं दिवसभर माझ्याशी अबोला धरला. मी पतसंस्थेत गेले आणि तिथं प्रत्येकावर खेकसले.

अण्णा मात्र ग्रामसभेच्या दिवशी सकाळी फावडं घेऊन कुठंतरी गेले, उशिरा आले. सभेला मी आणि वहिनी बायांच्या बाजूला बसलो होतो. संस्थेचा तो बुटातला माणूसही टेबलामागं हजर होता. विषय आला तसे अण्णा उठले, धोतराच्या सोग्यात बांधलेली माती त्यांनी टेबलावर ओतली. टेबल पांढरं झालं.

"ही माझ्या खालच्या रानातली," अण्णा म्हणाले. "माझ्या सुनंनं हीच भरली हुती. मी वतून टाकली आन् वरची दिली. तिचं शिक्षान खोटं पाडलं मी. माझं रान क्षारपड हाय."

आमच्या गावात तो शब्द पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला गेला. पारावरचे टाळ्यावाले खाली बघत होते. मग कृष्णातकाका उठले, मिलिटरीत उभे राहतात तसे ताठ, आणि म्हणाले, "साब, मेरा भी." शालूबाईनं जागेवरूनच सांगितलं की तिनं तुळशीतली दिली होती. लोक हसले, पण टिंगल करायला नव्हे. मग एकेक करत बरेच उठले. सगळे नाही. काही जण आमच्याकडं डोळे वटारून बघत निघून गेले, त्यांच्या घरात मुली लग्नाच्या होत्या.

तो संस्थेचा माणूस म्हणाला, ठीक आहे, पुन्हा पिशव्या आणून द्या. तेव्हा वहिनी उठली. "पिशव्या न्हाई देणार आता. तुमी रानात या. बूट काढून या, तिथं पाय रुततो." आणि बिचाऱ्याला यावं लागलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो आमच्या खालच्या रानात चालत होता आणि वहिनी त्याला कुठं खड्डा घ्यायचा ते सांगत होती. मी घमेलं धरलं होतं.

गाव यादीत आलं. पाइप अजून आले नाहीत, पुढच्या टप्प्यात येणार म्हणतात, आणि तो टप्पा कधी ते विचारायला वहिनी दर महिन्याला सांगलीला जाऊन भांडून येते. तिच्या सरांना तिनं सांगून टाकलं, हिमनद्या तुम्ही लिहा. नकाशा पुन्हा दारामागं लागलाय. पारावर अजूनही 'भूगोल' म्हणतात, पण रानात पाणी किती द्यायचं ते विचारायला संध्याकाळी घरी येतात. त्यांना चहा मिळतो, याचा मला अजून राग येतो.

माझ्यासाठी स्थळं येतात. प्रश्न तोच, रान कसं हाय? आता आईला बोलू न देता अण्णाच पुढं होतात. पाहुण्यांना पाट देतात, पाणी देतात आणि सांगतात, "खालचं रान क्षारपड हाय, पोरगी बोलकी हाय. चालत आसंल तर पोहे खावा."